पाण्याची पाळी

सिन्नरकडच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. अक्षर सुवाच्य, पण मजकूर तिखट. ती विचारते, "ताई, तुम्ही दर रविवारी उपासनेला जाता, आमच्याकडे रोज संध्याकाळी हरिपाठ होतो. माझ्या सासूबाईंचे वर्षाचे उपास मोजले तर जेवणाचेच दिवस कमी भरतील. पण तोंड काही गोड झालेले नाही. मग या सगळ्याने माणूस बदलतो तरी का? तुमच्या ख्रिस्ती लोकांत काय निराळे होते ते एकदा लिहा."

पत्र वाचून आधी हसू आले. मग आठवले की मीही आता सासू झाले आहे आणि माझी सून हे पान वाचते. तेव्हा सासूबाईंविषयी मी काही बोलणार नाही.

राहिला दुसरा प्रश्न. बाई गं, निराळे असे काही होत नाही. आमच्याही घरात भाजी करपते, भांडी आपटतात, बांधावरून शब्द जातो. मी काही धर्म शिकवायला बसलेली नाही. द्राक्षे आणि कांदा करणारी बाई मी. पण माणूस बदलतो का, हा तुझा प्रश्न मला गेली काही वर्षे टोचत आहे. म्हणून त्याबद्दल जे माहीत आहे तेवढे सांगते. थोडे दुसऱ्याचे आणि थोडे माझे.

आधी दुसऱ्याचे. आपल्या नाशिकजवळ गोदावरीच्या काठी जलालपूर आहे. तिथे १८६८ साली गोखल्यांच्या घरी एक मुलगी जन्मली. पुढे ती लक्ष्मीबाई टिळक झाली आणि तिने 'स्मृतिचित्रे' लिहिली. तुमच्यापैकी पुष्कळांनी शाळेच्या पुस्तकात त्यातला एखादा धडा वाचला असेल. तिच्या आईच्या वडिलांना १८५७च्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्यानंतर तिच्या वडिलांच्या मनात सोवळ्याने असे घर केले की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात जायचा नाही. लेकरांचा, आईचा सगळा जीव त्या धुण्यापुसण्यात गेला. अशा घरातली ही पोर. अकराव्या वर्षी तिचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. माणूस मोठा कवी, पण तापट. हातात पैसा टिकायचा नाही, एका जागी पाय टिकायचा नाही.

१८९३ साली टिळक आगगाडीने नागपूरकडून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. कवितेवर बोलणे झाले, आणि उतरताना त्यांनी टिळकांना नवा करार दिला. टिळकांनी तो वाचायला घेतला आणि वाचतच गेले. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. नवरा जिवंत आणि संसार मोडलेला. लहानगा दत्तू पदराला. जवळजवळ पाच वर्षे त्या माहेरच्या माणसांत राहिल्या, त्यांतली बरीचशी पंढरपुरात. मग एक दिवस त्या नवऱ्याकडे नगरला गेल्या.

इथून पुढचा भाग मला फार आवडतो. त्या गेल्या, पण ख्रिस्ती व्हायला गेल्या नाहीत. सोवळे बरोबर घेऊन गेल्या. वेगळी चूल, वेगळे पाणी, वेगळे ताट. टिळक तापट होते हे खरे, पण या एका बाबतीत त्यांनी सक्ती केली नाही. ती आपल्या चुलीवर शिजवते आहे, शिजवू दे. आणि त्या चुलीपाशी बसून या बाईने आपल्या डोक्याने विचार केला, की जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर जन्माला येताना आणि मरताना काही फरक दिसला असता. दिसत तर नाही. म्हणजे हे माणसाचे काम. मग त्यांनी कोणाच्याही हातचे खायला-प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा पुढे, १९०० साली.

आमच्या उपासनेत कोणी लक्ष्मीबाईंचे नाव घेतले की बाप्तिस्म्याचा दिवस सांगतात. मला ती मधली चूल मोठी वाटते. जलालपूरच्या अंगणापासून त्या चुलीपर्यंत यायला तिला तीस वर्षे लागली. आणि टिळकांचा राग? तो बाप्तिस्म्यानंतरही होताच. लक्ष्मीबाईंनी तो हसत हसत लिहून ठेवला आहे. मराठी ख्रिस्ती मंडळी आजही ज्यांची भजने म्हणतात, तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे जे सांगत, ते टिळक घरात जेवणावरून रुसायचे. मला हे वाचून धीर येतो. टिळक १९१९ साली गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' हे त्यांचे काव्य अर्धवट होते, अकराच्या आसपास अध्याय झाले होते. लग्नानंतर नवऱ्याकडून लिहायला-वाचायला शिकलेल्या या बाईने आणखी ६४ अध्याय रचले. १९३६ साली नाशिकलाच त्या गेल्या.

आता द्राक्षाचे एक सांगते, मग माझ्याकडे वळते. योहानाच्या शुभवर्तमानात ख्रिस्त स्वतःला द्राक्षवेल म्हणतो आणि देवाला माळी. शहरातला पाळक त्यावर प्रवचन करतो तेव्हा छाटणी म्हणजे दुःख, एवढे सांगून थांबतो. निफाड-दिंडोरीच्या बाईला त्यात जास्त दिसते. आपण वेल वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी. घड दिसतो तो फळछाटणीनंतर, आणि माल निघतो जानेवारी ते मार्चात. पण घड ठरतो कधी? एप्रिल छाटणीनंतर महिना-दीड महिन्याने, मे-जूनच्या उन्हात. काडीवरच्या डोळ्यात, बारीक, वरून पाहून कळत नाही असा. त्या वेळी पाणी, ऊन, खत यांत चूक झाली तर ऑक्टोबरात कितीही औषधे लावा, डोळा फुटतो आणि नुसती पाने किंवा बाळी निघते. म्हणजे ज्या महिन्यांत बागेत बघण्यासारखे काही नसते, त्याच महिन्यांत पुढचे वर्ष ठरून गेलेले असते. माझे सासरे हे समजायच्या आतच सांगायचे, "उन्हाळ्यात बाग विसरला तो हिवाळ्यात रडला."

तर माझी गोष्ट. आमची विहीर सामाईक आहे. आमचे हे आणि त्यांचे चुलत भाऊ, दोघांची चार-चार दिवसांची पाळी. कागद नाही, आजोबांच्या वेळेपासूनचा शब्द आहे. २०१६चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. त्या वर्षी पाणी विहिरीच्या तळाला गेले होते. तास-दीड तास मोटर चालायची आणि फुसफुस करायची. आमची वीस गुंठे नवी द्राक्षलागण होती. आमच्या पाळीच्या रात्री कोणीतरी वॉल फिरवला आणि पाणी पलीकडे गेले. एकदा नव्हे, तीनदा. तिसऱ्या रात्री मी बॅटरी घेऊन गेले तर भाऊजी स्वतः वॉलपाशी उभे. मी बोलले, ते बोलले. ते माझ्या माहेरावर गेले, मी त्यांच्या मेलेल्या आईवर गेले. ते मी इथे लिहिणार नाही. सकाळी सगळ्या वस्तीला कळले. लागण वाळली. त्यानंतर सात वर्षे दोन घरांत बोलणे नाही. त्यांच्या पोरीच्या साखरपुड्याला आम्ही गेलो नाही, आमच्या मुलाच्या लग्नाला ते आले नाहीत. पोरे एका शाळेत, एका एस.टी.त, आणि आया एकमेकींकडे पाठ करून धुणे वाळत घालणाऱ्या.

या सात वर्षांत मी एकही रविवार चुकवला नाही. ही गोष्ट मुद्दाम सांगते, कारण सिन्नरच्या भगिनीचा प्रश्न इथेच आहे. आमच्यात प्रभूची प्रार्थना सगळे मिळून म्हणतात. तिच्यात मध्ये एक जागा अशी येते की देवा, मी दुसऱ्याला जशी माफी दिली तशी तू मला दे. प्रार्थना पाठ असते, तोंड आपोआप चालते. पण २०१६ नंतर त्या जागेवर आले की मला खोकला यायचा. नाहीतर पदर सरळ करायचा असायचा. नाहीतर पुढच्या बाकावरच्या पोराला गप्प करायचे असायचे. पहिले सहा महिने माझे मलाच कळले नाही. मग एकदा शेजारच्या म्हातारीने पाहिले आणि म्हणाली, "तुला बरोब्बर तिथंच खोकला येतो गं." त्या दिवसापासून मी खोकायची सोडली. नुसती गप्प राहू लागले. खोटे बोलण्यापेक्षा गप्प बरे, असे स्वतःला समजावत असे. सात वर्षे त्या ओळीला माझे तोंड मिटलेले.

२६ नोव्हेंबर २०२३. निफाड, चांदवड, दिंडोरीकडच्यांना तारीख सांगायला नको. रविवारच होता. दुपारनंतर आभाळ भरले आणि गारा पडल्या. आमच्या बागेत नुकते मणी धरले होते. पाऊण तासात जमिनीवर पानांचा आणि मण्यांचा चिखल झाला. कांद्याचे उळे टाकलेले होते, ते जमिनीत बसले. आमच्या ह्यांनी बागेत एक चक्कर मारली आणि ओट्यावर येऊन बसले ते दिवेलागणीपर्यंत. पंचनामा झाला, फोटो काढले. पुढे डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद झाली आणि भाव खाली आले. असो. त्या हिवाळ्याचे रडगाणे तुम्ही सगळे गायलेले आहात.

सगळ्यांनी बी पैदा करून पुन्हा उळे टाकले. आम्हीही टाकले, भाऊजींनीही. आणि त्यानंतर चार-पाच दिवसांनी भाऊजी बागेत चिखलावरून घसरले. मांडीचे हाड मोडले. त्यांना नाशिकला नेले, जाऊबाई त्यांच्यापाशी राहिल्या. घरात दोन शाळकरी पोरे आणि एक म्हैस. म्हशीचे शेजारी बघत होते. वाफ्यांचे कोणाच्या ध्यानात नव्हते. नुकत्या उगवलेल्या उळ्याला दिवसाआड ओल लागते हे तुम्हाला मी काय सांगू.

आमची पाळी चालू होती. रात्रीची लाईट. हे पंचनाम्याच्या कागदांच्या कामाला गेलेले, मुलगा तापाने पडलेला, म्हणून मी गेले. गव्हाला पाणी द्यायचे होते. स्टार्टर दाबला, वॉलपाशी आले, तोच तो वॉल. बॅटरीच्या उजेडात त्यांचे वाफे दिसले. वर पांढरी खपली धरली होती, कडेला भेगा. अंगठ्याएवढी हिरवी रोपे माना टाकून पडलेली. मी उभी राहिले. खूप वेळ उभी राहिले. मनात काय काय आले ते सांगते, कारण तेच सांगायचे आहे. आधी आले, की बरे झाले. मग आले, आमची वीस गुंठे वाळली तेव्हा कोण आले होते. मग आले, की पोरांच्या फीचे पैसे याच कांद्यातून निघायचे असतील. मग पुन्हा, बरे झाले. प्रार्थनाबिर्थना काही आठवली नाही. खोटे कशाला सांगू, देवाचे नावही मनात नव्हते. थंडीने हात गारठले होते. शेवटी वाकून मी वॉल त्यांच्याकडे फिरवला. दोन तास. वाफे भरले, मग गव्हाकडे घेतला.

आता यात गोड वाटून घेण्यासारखे काही नाही. पाणी गेले, पण राग गेला नाही. उलट घरी येताना मनात हिशेब चालला होता की हे कोणाला कळणार कसे. सकाळी दूध घालायला गेले तेव्हा चार बायकांत मी आपण होऊन सांगितले, "रात्री त्यांच्या उळ्याला पाणी दिलं बाई, काय करणार, पोरांकडं बघून." वाक्य संपायच्या आत माझी मलाच लाज वाटली. उजव्या हाताचे डाव्याला कळू देऊ नये असे लहानपणी रविवारच्या शाळेत शिकले होते. इथे मी डेअरीवर दवंडी पिटत होते. पुढचे आठ-दहा दिवस मी दिवसाआड पाणी देत राहिले. दर वेळी मनातून कटकट करत.

त्या दिवसांत मला सासऱ्यांची शरणपूरची गोष्ट फार आठवली. ते शाळामास्तर होते आणि नाशिकला माल घेऊन निघालो की शरणपूर रोडवर आल्यावर ही गोष्ट ठरलेली. नाशिकला आज आपण दवाखान्याला, बँकेला ज्या रस्त्याने जातो, तिथे १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीने ख्रिस्ती वस्ती बसवली. शरण आलेल्यांचे पूर म्हणून शरणपूर. अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडली जात. त्यातून सोडवलेली आफ्रिकेतली लेकरे मुंबईला उतरवत आणि त्यातली पुष्कळ इथे नाशिकला आणत. ती इथे वाढली. सुतारकाम, लोहारकाम, शेती शिकली. जगात त्यांना 'नासिक बॉइज' म्हणत. पुढे त्यातले काही आफ्रिकेत डॉ. लिव्हिंग्स्टन या प्रवासी मिशनऱ्याच्या मदतीला गेले. १८७३च्या मे महिन्याच्या सुरुवातीला लिव्हिंग्स्टन आताच्या झांबियातल्या एका खेड्यात वारले. बरोबरच्या माणसांनी ठरवले की देह त्यांच्या देशाला पोचवायचा. काळीज तिथेच झाडाखाली पुरले. पुरताना प्रार्थना वाचली ती शरणपुरात शिकलेल्या जेकब वेनराइटने, आणि झाडावर अक्षरे कोरली तीही त्यानेच. मग देह उन्हात वाळवून, गुंडाळून, खांद्यावरून हजार मैलांच्या वर रान तुडवत त्यांनी समुद्राकाठी आणला. नऊ महिने लागले. वाटेत आजार, मरणे, मुलखामुलखातल्या लोकांची भीती. एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले तेव्हा शवपेटीबरोबर जेकबही होता.

सासरे इथे थांबायचे आणि म्हणायचे, "ओझं उचलताना रोज त्यांच्या मनात काय होतं, कोणी विचारतं का? खांदा दुखला असेल, शिव्या दिल्या असतील. पण पोचवलं ना?"

त्या हिवाळ्यात या वाक्याचा मला आधार वाटला. पण पूर्ण पटत नाही. नुसते पोचवले की झाले, असे म्हटले तर मग मनाचे काय? उपास करून कडू बोलणारी सासू आणि पाणी देऊन कटकट करणारी मी, आमच्यात फरक कोणता? सासरे आज असते तर मी त्यांच्याशी वाद घातला असता. एवढे मात्र पाहिले की मन आधी स्वच्छ होईल आणि मग हात उठेल अशी वाट मी सात वर्षे पाहिली, आणि ते काही झाले नाही. हात आधी उठला. मन अजून मागून लंगडत येते आहे.

जाऊबाई नाशिकहून परतल्या. वाफे पाहिले. आमच्या ओट्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि ह्यांना विचारले, "पाणी कुणी दिलं?" ह्यांनी माझ्याकडे बोट केले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, काही बोलल्या नाहीत, गेल्या. मला राग आला. आभार नको, पण एक शब्द? रात्री झोप लागली नाही, इतका राग. आता तुम्हीच पाहा, किती मोठे मन!

जानेवारीच्या अखेरीस लागणीचे दिवस आले. आमचे उळे विरळ झाले होते, दहा-पंधरा गुंठ्यांना रोप कमी पडत होते. विकत घ्यायचे तर भाव भलताच. त्या सकाळी जाऊबाई डोक्यावर रोपांची पाटी घेऊन आल्या आणि ओट्यावर टेकवली. "उरलंय. फेकून द्यायचं त्यापेक्षा लावा." उरले नव्हते, हे मला त्यांचे वाफे पाहून माहीत होते. मी चहा ठेवला. त्या म्हणाल्या घाई आहे, आणि चहा होईपर्यंत बसल्या. साखर जास्त झाली होती, तरी प्यायल्या.

त्यानंतर काय? सिन्नरच्या भगिनीला वाटेल की मग गळाभेट झाली असेल. नाही झाली. २०१६च्या त्या रात्रीविषयी आजवर एक शब्द निघालेला नाही, ना त्यांच्याकडून ना आमच्याकडून. भाऊजी काठी टेकत येतात. लाईट किती वाजता येणार, करपा पडला का, मजूर मिळाले का, एवढे बोलतात आणि जातात. त्यांच्या आईविषयी मी जे बोलले त्याची माफी मला मागायची आहे. दोनदा तोंडापर्यंत आली होती. एकदा मध्येच दुधाचा टेम्पो आला. दुसऱ्यांदा काही आले नव्हते, मलाच धीर झाला नाही.

आणि ती प्रार्थना? त्या वर्षीच्या ईस्टरला मी ती जागा पहिल्यांदा तोंडाने म्हटली. हळू म्हटली, शेजारच्या म्हातारीला ऐकू जाऊ नये म्हणून. तिला ऐकू गेलेच. तिने नुसता माझ्या मनगटावर हात ठेवला. पुढच्याच रविवारी पुन्हा अडखळले, कारण आदल्या दिवशी बांधावरच्या बाभळीच्या फांदीवरून भाऊजी काहीतरी वाकडे बोलले होते. आता कधी म्हणता येते, कधी येत नाही. लक्ष्मीबाईंना तीस वर्षे लागली, माझी तर अजून दहाच झाली असतील-नसतील.

तर भगिनी, तुझ्या सासूबाईंचे तोंड गोड का होत नाही ते मला ठाऊक नाही. त्यांचीही एखादी वीस गुंठे कुठेतरी वाळली असेल, आणि ती कोणती ते त्यांनी तुला सांगितले नसेल. एकदा विचारून पाहा. उपासाच्या दिवशी विचारू नकोस, पोट भरलेले असताना विचार.

बाकी पुढच्या खेपेला. या आठवड्यात रात्रीची लाईट आहे आणि पाळी आमची. बाहेर भाऊजींचा धाकटा बॅटरी हलवत उभा आहे. "काकू, वॉल मी फिरवू का तुम्ही येताय?" असे ओरडतो आहे. येते म्हणाले आहे. चपला सापडत नाहीत.